टॅब घेऊ की लॅपटॉप? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की भुसावळात माझ्याकडे एकच प्रश्न येतो, "दादा, पोरीसाठी टॅब घेतो, स्वस्त पडतो, कीबोर्ड लावला की लॅपटॉपच ना तो?" नाही हो. कीबोर्ड लावून टॅबचा लॅपटॉप होत नाही. दरवर्षी तेच सांगतो, दरवर्षी लोक आधी घेतात आणि मग विचारायला येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम कुठल्या सॉफ्टवेअरवर आहे हे न विचारता वस्तू उचलणं. यावलकडचे आमचे एक मामा, केळीवाले. पोरगी बीकॉमला, टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावलेला. केळीचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात मामांनी ११ इंची अँड्रॉइड टॅब आणि कीबोर्डवालं कव्हर घेतलं, २६ हजार गेले. चार दिवसांनी दोघं माझ्यासमोर. पोरीने ओटीजी (टॅबला पेनड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून पेनड्राइव्ह जोडला, टॅलीची सेटअप फाइल दिसतेय, ती बोट लावतेय, परत लावतेय, काहीच होत नाही. होणारच नाही, टॅली प्राइम विंडोजसाठी बनलंय, ती फाइल अँड्रॉइड उघडूच शकत नाही. मग एक्सेल उघडलं तर शीट दिसते पण बदल करायला गेलं की सबस्क्रिप्शन मागतं, कारण १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचं मोबाइलवालं ऑफिस फुकटात एडिट करू देत नाही, आणि मॅक्रो, म्हणजे शीटमध्ये आपोआप काम करणाऱ्या सूचना, तर त्यात चालतच नाहीत. मामा म्हणे, "तो दुकानवाला तं म्हने सगयं चालतं याच्यात." पोरगी काही बोलली नाही, कव्हर नुसतं उघडत होती, मिटत होती. मला बघवेना.

खोकं फोडलेलं, दुकानदार परत घेईना. शेवटी १८ हजारांत जुना लॅपटॉप शोधून दिला. जुना घ्यायचा तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) बघूनच घ्या, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि त्याहून जुन्या बहुतेक इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मामांचे मिळून ४४ हजार गेले, तेवढ्यात नवा कोरा लॅपटॉप आला असता.

मी कोणालाही आधी वही काढायला लावतो. क्लासच्या सरांना, कॉलेजात विचारून सॉफ्टवेअरची नावं लिहून आणा. टॅली, पूर्ण ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर), डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाइन सहीसाठी लावायचं पेनड्राइव्हसारखं यंत्र), यातलं एक जरी निघालं तर टॅबचा विषयच सोडा.

काही हुशार पोरं म्हणतात, टॅबवरून घरचा कॉम्प्युटर रिमोटने चालवू. अरे, मग घरी कॉम्प्युटर चालू लागतो, दोन्हीकडे नेट लागतं, आणि गावात लाइट गेली की बसा. असले शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत.

दुसरी चूक आपल्याच भागातली, ऊन. आयपॅडसाठी अ‍ॅपल स्वतः सांगतं की बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश असावं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ठिबकचं काम करणाऱ्या एका पोराने टॅब दुपारभर बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवला, असं महिनाभर. बॅटरी फुगली, स्क्रीन एका कडेने वर आली, नखाने दाबली तर मऊ लागायची. टॅब चिकटवलेला असतो, बॅटरी काढायला आधी स्क्रीन सोडवावी लागते, त्यात ती तडकली. लॅपटॉपलाही ऊन बाधतंच, पण बहुतेक लॅपटॉपात चार स्क्रू काढले की बॅटरी हातात येते.

बाकी थोडक्यात. "रॅम नंतर वाढवू" असं टॅबमध्ये नसतंच. नुसता वायफायवाला आयपॅड घेतला तर त्यात जीपीएस नसतो, शेतमोजणीच्या अ‍ॅपसाठी घेणाऱ्यांनो ऐका. कीबोर्ड कव्हर दुकानातल्या टेबलावर नाही, मांडीवर ठेवून टाइप करून बघा. किंमत विचारताना पेन, कव्हर धरूनच विचारा.

टॅब वाईट आहे असं नाही. एमपीएससीच्या पीडीएफ वाचायच्या, पेनने नोट्स काढायच्या, लेक्चर बघायची, लोडशेडिंगमध्ये पॉवर बँकवर चार्ज करायचा, तर त्यासारखी सोय नाही. मामांची पोरगी आता लेक्चर टॅबवर बघते आणि समोर लॅपटॉपवर टॅलीच्या एंट्र्या मारते.

घ्यायला जाल तेव्हा रोजच्या कामाच्या दोन-तीन फाइली पेनड्राइव्हमध्ये न्या, आणि दुकानातच उघडून, बदल करून, सेव्ह करून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात चला.