यूएसबी कीबोर्डच्या भरवशावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना या चुका टाळा

कीबोर्ड चालत नाही म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचे काम अर्ध्यावर अडते, तेव्हा बहुतेक जण पहिला संशय कीबोर्डवरच घेतात, आणि माझ्या अनुभवात तो संशय बहुधा चुकीचा ठरतो. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या, गोल सॉकेटमध्ये बसणाऱ्या पीएस/२ पद्धतीच्या कीबोर्डला ओळखणारा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्राम) पीसीवरच्या जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पहिल्यापासून असे, त्यामुळे हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. यूएसबी कीबोर्डचे तसे नाही. त्याचे बटण दाबल्याची खबर आधी मदरबोर्डवरच्या यूएसबी कंट्रोलरकडे, म्हणजे यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपकडे जाते, आणि त्या कंट्रोलरशी बोलता येणारा ड्रायव्हर त्या क्षणी चालू असलेल्या सॉफ्टवेअरकडे नसेल, तर उत्तम कीबोर्डही मुका राहतो.

एका इन्स्टॉलेशनमध्ये कीबोर्डचा ताबा तिघांकडे जातो. आरंभी तो बायॉस किंवा यूईएफआय या फर्मवेअरकडे, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या बोर्डवरील सॉफ्टवेअरकडे असतो, मग इन्स्टॉलरकडे जातो, आणि शेवटी डिस्कवर बसलेल्या नव्या सिस्टीमकडे. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडतो हे पाहावे. नम लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा बदलतो का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. बायॉसच्या पडद्यावर दिवा लागतो आणि इन्स्टॉलर सुरू होताच तो विझून पुन्हा लागत नसेल, तर कीबोर्ड आणि केबल दोन्ही ठीक आहेत, उणीव ड्रायव्हरची आहे.

हे मी भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये शिकलो. तिथल्या मोजमाप यंत्राचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालत असे, जुना संगणक बंद पडला होता आणि त्याच्या जागी इंटेलच्या १०० मालिकेतील चिपसेटचा (बोर्डवरील जोडण्या सांभाळणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड आणलेला होता. बायॉसमध्ये बाण फिरत होते, एंटर चालत होते, आणि भाषा निवडण्याचा पडदा आला की कीबोर्ड आणि माउस दोन्ही निपचित पडत होते. मालकांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकामागून एक तीन कीबोर्ड मागवले, मीही ते मुकाट्याने लावून पाहिले, आणि सगळी दुपार त्यातच गेली. खरे कारण असे की विंडोज ७ ही २००९ सालची असून तिच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३.० च्या, म्हणजे एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हरच नाही, आणि इंटेलने २०१५ साली या मालिकेपासून यूएसबी २.० चा जुना ईएचसीआय कंट्रोलर चिपसेटमधून काढून टाकला. त्यामुळे अशा बोर्डवर काळ्या रंगाचे यूएसबी २.० पोर्टही नव्या कंट्रोलरवरच चालतात, आणि पोर्ट बदलून काही साधत नाही. त्याआधीच्या बोर्डांवर मात्र पोर्ट बदलणे हा योग्य उपाय ठरू शकतो. विंडोज ८ पासून हा ड्रायव्हर सोबतच येतो.

अशा बोर्डवर पीएस/२ सॉकेट असेल, तर खरा पीएस/२ कीबोर्ड मिळवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. जुन्या बाजारात तो सापडतो. तो संगणक पूर्ण बंद असतानाच लावावा, कारण हा सॉकेट चालू स्थितीत जोडण्यासाठी बनवलेला नाही. यूएसबी कीबोर्डला जांभळा छोटा अडॅप्टर लावून काम भागेल असे मानू नये. त्या अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, आणि कीबोर्डला स्वतःला दोन्ही पद्धती येत असतील तरच तो चालतो. हल्लीच्या बहुतेक कीबोर्डना त्या येत नाहीत. काही कंपन्यांच्या बोर्डांवर विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशनसाठी बायॉसमध्ये खास पर्याय दिलेला असतो, तोही आधी शोधावा.

सॉकेट नसेल, तर ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्येच घालावा लागतो, आणि इथे होणारी चूक फार त्रास देते. इन्स्टॉलेशनच्या डिस्कवर बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम अशा दोन फाइली असतात. पहिली इन्स्टॉलर चालवते, दुसरी तुमच्या डिस्कवर उतरते. घाईत केवळ पहिल्या फाइलीत ड्रायव्हर घातला, तर सगळे सुरळीत पार पडल्यासारखे वाटते आणि रीस्टार्टनंतर वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड पुन्हा मुका होतो. बूट डॉट विममध्येही दोन प्रतिमा (इमेज) असतात, त्यांपैकी दुसरीत सेटअप असतो. ड्रायव्हर तीत हवाच. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर नसल्याचा संदेश आला, तर त्याचेही मूळ बहुधा हेच असते, कारण पेन ड्राइव्हही त्याच कंट्रोलरवर बसलेला असतो. आणि विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी संपले आहेत, तेव्हा असा संगणक इंटरनेटला जोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता पहिल्या टप्प्यातील चुका. बायॉसमधील ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ हा पर्याय नावावरून जुनाट वाटतो म्हणून बंद केला जातो, आणि त्यानंतर काही बोर्डांवर बायॉसमध्ये परत शिरण्यासाठीही कीबोर्ड उरत नाही. हाच पर्याय यूएसबी कीबोर्डला पीएस/२ कीबोर्ड असल्याचे भासवतो, म्हणून तो सुरूच ठेवावा. ‘अल्ट्रा फास्ट बूट’चा परिणामही तसाच होतो, कारण वेळ वाचवण्यासाठी फर्मवेअर यूएसबी उपकरणे तपासतच नाही आणि डिलीटचे बटण कितीही दाबले तरी ऐकले जात नाही. विंडोज ८ किंवा त्यानंतरची विंडोज चालू होत असेल, तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करावे आणि तिथून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज उघडावीत. तेही शक्य नसेल, तर वीजजोडणी काढून बायॉसच्या सेटिंग्ज पुसणारा बोर्डवरील सीमॉस क्लिअरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) वापरावा, किंवा बोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी. बायॉस अपडेट करायचे ठरवलेच, तर यूपीएसशिवाय करू नये, आणि गुरुवारी तर मुळीच नाही. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा पुण्याकडचा वार बहुधा तोच.

ब्लूटूथ कीबोर्ड या कामाला घेऊ नये. कीबोर्ड हबमध्ये न लावता मागच्या पोर्टमध्ये थेट लावावा. गेमिंग कीबोर्ड फर्मवेअरला उमगत नसेल, तर त्यावर बायॉस मोडचे बटण आहे का ते पाहावे, नाहीतर साधा कीबोर्ड लावावा.

लिनक्सवाल्यांना तिसरा टप्पा अडचणीत आणतो, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेली असताना. पासवर्डची चौकट समोर येते आणि एकही अक्षर उमटत नाही, कारण डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या इनिट्रामएफएस या छोट्या सिस्टीमच्या प्रतिमेत यूएसबी कीबोर्डचे मॉड्यूल, म्हणजे लिनक्सचा ड्रायव्हर, गेलेलेच नसते. आर्च लिनक्समध्ये ही प्रतिमा बनवताना क्रमाने चालणाऱ्या पायऱ्यांना हुक म्हणतात, त्यांतला ‘ऑटोडिटेक्ट’ हा हुक त्या वेळी जोडलेल्या उपकरणांपुरतीच मॉड्यूल ठेवतो, म्हणून ‘कीबोर्ड’ हा हुक त्याच्या आधी लिहावा. डेबियन लिनक्समध्ये मॉड्यूलची सेटिंग ‘मोस्ट’ अशीच राहू द्यावी, ‘डेप’ करू नये. चूक होऊन गेली असेल, तर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, एन्क्रिप्ट केलेली डिस्क तिथून उघडून सिस्टीममध्ये शिरावे आणि प्रतिमा नव्याने तयार करावी. माहिती पुसून सगळे पुन्हा टाकण्याची गरज नसते.