रेकॉर्ड वाजवताना उलटी पोलॅरिटी शोधायची असेल, तर या चुका टाळा

रेकॉर्ड लावल्यावर खर्ज हरवतो, गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध न राहता खोलीभर विखुरतो, आणि तरीही दोन्ही स्पीकर तर व्यवस्थित वाजत असतात. अशा वेळी बहुधा डाव्या किंवा उजव्या अशा एका चॅनेलची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणी, उलटी झालेली असते. पुष्कळजण लगेच एका स्पीकरच्या वायरी उलट जोडतात आणि तिथेच चुकतात. दोष कार्ट्रिजच्या (सुईची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या) जोडणीत असेल तर रेकॉर्डचा आवाज सुधारतो खरा, पण सीडीवरचे संगीत बिघडते. म्हणून आधी सीडी किंवा मोबाइल लावून ऐकावे. तिथे आवाज नीट येत असेल, तर स्पीकरांना हात लावण्याचे कारण नाही.

स्टीरिओ रेकॉर्डवरून निदान करणेही फसवे ठरते, कारण काही आवाज ध्वनिमुद्रणातच मुद्दाम पसरवलेले असतात. खात्रीची परीक्षा मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या, रेकॉर्डचीच. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत खाचेच्या केवळ आडव्या वळणांत कोरलेले असते, त्यामुळे स्टीरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही चॅनेलांतून एकच सिग्नल निघतो. अ‍ॅम्प्लिफायरचे मोनो बटण दाबल्यावर आवाज मध्यभागी भरीव ऐकू आला, तर जोडणी बरोबर आहे. एक चॅनेल उलटा असल्यास मात्र दोन्ही सिग्नल एकमेकांना खोडतात, गाणे जवळजवळ नाहीसे होते आणि धुळीची करकर व घरघर तेवढी उरते, कारण त्यांतला बराचसा भाग सुईच्या उभ्या हालचालीतून येतो. हा फरक इतका ठळक असतो की अंदाज बांधावा लागत नाही.

दोष सापडला की हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवलेला भाग, पाहावा. प्रचलित रंगसंकेतानुसार पांढरी वायर डाव्या चॅनेलची धन आणि निळी ऋण, तर लाल उजव्याची धन आणि हिरवी ऋण असते. लाल-हिरवी किंवा पांढरी-निळी यांची आपसात अदलाबदल झाली की पोलॅरिटी उलटते. पांढरी-निळीची जोडी लाल-हिरवीच्या जागी गेली, तर केवळ डावे-उजवे बदलते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वायरीचे टोक बारीक चिमट्याने अलगद ओढावे. पिनवर थेट डाग देऊ नये, त्या उष्णतेने कार्ट्रिजमधील नाजूक तार तुटू शकते.

दोन्ही चॅनेल सारखेच उलटे असतील, तर मोनो परीक्षेत काहीच आढळणार नाही. रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारे काही फोनो प्रीअ‍ॅम्प मुळातच सिग्नल उलटवतात. दोन्ही चॅनेल सुलटे करून पाहायचे असल्यास दोन्ही स्पीकरांच्या वायरी एकत्र उलटाव्यात. काही कार्ट्रिजांचे धातूचे आवरण एका ऋण पिनला जोडलेले असल्याने कार्ट्रिजच्या पिनांवर उलटापालट केल्यास गुणगुण सुरू होऊ शकते.