घरात तीन कुत्री असताना चौथं फॉस्टरला आणताय? आधी दार बंद करायला शिका

फॉस्टरिंगला, म्हणजे बेघर कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळायला, मोठं मन लागतं असं सगळे म्हणतात, लागत असेल, पण त्याच्या आधी लागते दार नीट बंद होणारी एक खोली. आमचा पुण्यात टू बीएचके, त्यात मी, आई आणि घरची तीन कुत्री: काळी (वय १२, खरी मालकीण तीच), बंड्या (खादाड) आणि चिकू (भित्री, पण भांडणात सगळ्यात पुढे). यांच्या जोडीला आजपर्यंत तिसेक पिल्लं आणि मोठी कुत्री येऊन राहून गेली, आणि ज्या काही चुका झाल्या त्यातल्या बहुतेक त्या खोलीचं दार घाईने उघडल्यामुळे झाल्या.

फोन नेहमी रात्रीच येतो. "ताई, फक्त दोन दिवस ठेवा." दोन दिवस असं काही नसतं, दोन महिने धरून चाला आणि मग हो म्हणा. हो म्हणायच्या आधी विचारायचं की वय किती, कुठे सापडलं, लस झालीय का, उलटी-जुलाब-खोकला काही आहे का, दवाखान्याचं बिल कोण भरणार आणि आमच्या कुत्र्यांशी अजिबातच पटलं नाही तर परत कोण नेणार. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नंतर कोण काय बोललं होतं यावरून वाद नकोत. आणि घरच्या कुत्र्यांची नाइन इन वन (पार्व्होसकट बऱ्याच आजारांची एकत्र लस) आणि रेबीजची लस तारखेत आहे ना, गोचिडाचं औषध चालू आहे ना, हे बघितल्याशिवाय हो म्हणूच नका. दिवाळीनंतर थंडीत पिल्लांचा सीझन असतो, तेव्हा तर एकामागून एक फोन येतात, म्हणून आम्ही दिवाळीच्या आधीच तिघांची फाइल काढून बसतो.

आता मुख्य गोष्ट, पहिले १४ दिवस. नवीन पिल्लू कितीही गोड असू दे, कितीही ठणठणीत दिसू दे, १४ दिवस ते वेगळ्या खोलीत. कारण पार्व्हो, कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरणारा, पिल्लांचा जीव घेणारा पोटाचा आजार. व्हायरस अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडेही, म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी मान टाकून पडलेलं असू शकतं. खायचं बंद, उलट्या, रक्ताचे जुलाब आणि एक घाण वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. यातलं काहीही दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, पिल्लांच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. लगेच दवाखाना, आणि आत न्यायच्या आधी फोन करून सांगायचं की पार्व्होचा संशय आहे, म्हणजे ते तुम्हाला बाकीच्या पिल्लांमध्ये बसवणार नाहीत.

माझी चूक सांगते. दुसऱ्याच वर्षी एक पिल्लू पार्व्होने गेलं, मी रडून-रडून खोली धुतली, फिनेलने, तीन वेळा, घरभर फिनेलचा वास. अडीच महिन्यांनी त्याच खोलीत दुसरं पिल्लू ठेवलं आणि त्यालाही पार्व्हो झाला. फिनेलने हा व्हायरस मरत नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, सॅनिटायझरनेही मरत नाही, आणि जमिनीवर-मातीत तो कित्येक महिने टिकतो. लागतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ५ टक्केवालं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. आधी घाण पूर्ण उचलून साबणाने फरशी घासायची, मग हे पाणी ओतून १० मिनिटं तसंच ओलं ठेवायचं, मग धुवायचं. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी गॅस होतो. गाद्या, पोती, कापडी खेळणी वाचवायच्या नादी लागू नका, सरळ फेका. दुसरं पिल्लू वाचलं, पण सहा दिवस सलाइन लावून, आणि ते सहा दिवस मला अजून आठवतात.

म्हणून त्या खोलीच्या दारात वेगळी चप्पल, आतला एक जुना गाऊन, वेगळी भांडी, वेगळा झाडू. आधी घरच्यांचं सगळं उरकायचं, मग आत जायचं, उलटं नाही. बाहेर आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. अंगावरचे केस गेलेत आणि सारखं खाजवतंय तर खरूज असू शकते, तिचा एक प्रकार माणसांनाही लागतो, आईच्या हातावर पुरळ आलं तेव्हा आम्हाला कळलं.

लसीचा हिशोब साधा आहे: पहिली ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी एक, साधारण १६ आठवडे होईपर्यंत, रेबीज ३ महिन्यांना. जंताचं औषध वजनावर, दर १५ दिवसांनी, पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत. गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात आणि मग पार्व्हो का दूध या शंकेने तुमचाच जीव वरखाली. भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही, कांदा-लसणाची फोडणी तर अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी असतं. द्राक्षं-मनुका-चॉकलेट पण नाही. हे आलेल्या पाहुण्यांना पण सांगा, पाहुणे ऐकत नाहीत हा भाग वेगळा.

या १४ दिवसांत दाराच्या फटीतून ओळख आपोआप होत असते. काळी दाराशी नाक लावून फूं फूं करत बसते, आतून एक छोटासा पंजा बाहेर येतो, काळी त्याच्याकडे बघते, उठते आणि पाणी प्यायला निघून जाते. ती असं उठून गेली की मला कळतं की जमेल. ती दाराशी ताठ उभी राहून, तोंड बंद करून एकटक बघत राहिली तर अजून आठवडा थांबायचं. जुन्या चादरींची अदलाबदल करा, याची त्याला त्याची याला, पण दोघांच्या तब्येती ठीक आहेत याची खात्री झाल्यावरच.

मोठं कुत्रं असेल तर पहिली भेट घरात नको. बाहेर, कुणाच्याच मालकीची नाही अशा जागी, दोन माणसं, दोन कुत्री, मध्ये पाच-सहा फूट सोडून एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर आणून "हॅलो कर" असलं काही करायचं नाही. वीस मिनिटं नुसतं चाला, मग एकामागोमाग घरात शिरा. घरच्यांपैकी सगळ्यात शांत जो असेल त्याला आधी भेटवा, तिघांना एकदम कधीच नाही. आणि रेस्क्यू कुत्र्याला पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावा, दोन्हीला वेगवेगळ्या दोऱ्या, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढून पळतं, आणि मग रात्री दोन वाजता तुम्ही हातात चिकन घेऊन गल्ल्या फिरताय.

जेवण वेगवेगळं, आणि हे कायमचं. बंड्या किचनमध्ये, चिकू बाल्कनीत, काळी आईच्या खोलीत, फॉस्टर त्याच्या खोलीत, दारं बंद, दहा मिनिटांनी भांडी उचलायची, मगच दारं उघडायची. चघळायची हाडं आणि खेळणी सगळ्यांच्या मध्ये टाकायची नाहीत. आमच्याकडे झालेलं सगळ्यात मोठं भांडण एका रिकाम्या ताटलीवरून झालं होतं, तिच्यात काहीही नव्हतं, फक्त वास होता.

भांडण लागलं तर हात मध्ये घालायचा नाही. मी घातला. चिकूनेच चावलं, माझ्याच चिकूने, तिला कळलंच नाही तो माझा हात होता. जाड चादर टाका, पाणी ओता, स्टीलचं ताट जमिनीवर आपटा, मोठ्याने ओरडलं की उलट भडकतात. दोन माणसं असतील तर मागचे पाय धरून दोघांना मागे ओढा, पण अजून जबडा पकडलेला असेल तर ओढू नका, फाटतं. चावा लागलाच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, मग दवाखाना, "घरचंच कुत्रं आहे" म्हणून टाळायचं नाही. नियमित फॉस्टर करणार असाल तर रेबीजच्या लसीचा कोर्स स्वतः आधीच घेऊन ठेवा, मग चावल्यावर ० आणि ३ दिवशी असे दोनच डोस लागतात.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. नवीन आल्यावर सगळं लक्ष त्याच्याकडे जातं आणि जुनी कुत्री गप्प होतात, ते गप्प होणं आपल्याला समजूतदारपणा वाटतं. काळीने एकदा चार दिवस अर्धंच जेवण खाल्लं, मला वाटलं वय झालं, आई म्हणाली "तू तिच्याशी बोललीस कधी शेवटची?" तेव्हापासून सकाळची पहिली चक्कर काळीची एकटीची, फॉस्टर कितीही रडो.

सोसायटीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. कुत्री पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्समध्ये ते आहे, पण कागद नाचवण्याआधी जिन्यातली घाण स्वतः उचला, त्याने जास्त कामं होतात. घरच्या कुत्र्यांची महापालिकेची लायसन्स काढून ठेवा. आणि रस्त्यावरचं मोठं कुत्रं नसबंदी करून तुमच्याकडे फक्त टाके सुकेपर्यंत आलं असेल तर ते जिथून उचललं तिथेच सोडायचं, त्याची जागा तीच असते, २०२३ च्या नियमांत पण तेच आहे (शाळा, हॉस्पिटल, स्टेशन अशा आवारातून उचललेलं असेल तर मात्र नाही, सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश आहे).

दत्तक देताना घरी जाऊन बघा. बाल्कनीला जाळी आहे का, घरातली सगळी माणसं तयार आहेत का (एकाच मुलाचा हट्ट असेल तर नको), भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का. नसबंदीची तारीख फॉर्मवर लिहून घ्या आणि "नाही जमलं तर मलाच परत" हे वाक्य ठळक अक्षरात. पिल्लाबरोबर त्याने चावलेली चादर द्या, न धुता.

मग खोली ब्लीचने धुवायची आणि किमान १५ दिवस कुणालाही हो म्हणायचं नाही, घरच्या तिघांसाठी. आमचा तो गॅप सध्या चालू आहे, आणि माझा फोन आईकडे असतो, कारण तिला नाही म्हणता येतं.