प्रवेश झाला, आता गणेशखिंडला जायचंय? पहिल्या फेरीत या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडमधल्या आवारात नवी मुलं लांबूनच ओळखू येतात. पाठीवर सॅक, छातीशी धरलेली फाईल, सोबत बाबा किंवा मामा आणि तोंडी एकच प्रश्न: "ऑफिस कुठंय?" गोची होते ती इथंच. आवार ४११ एकरांचं, इमारती विखुरलेल्या आणि 'ऑफिस' म्हणावं अशी एकच एक जागा नाही. मनोरा असलेली देखणी मुख्य इमारत, म्हणजे ब्रिटिश काळातलं गव्हर्नरचं निवासस्थान, फोटोसाठी उत्तम. पण एम.ए., एम.एस्सी.च्या प्रवेशाची कागदपत्रं तुमच्या विभागात तपासली जातात. आधी विभाग गाठा. पुढं कुठल्या इमारतीत कशासाठी जायचं ते विभागाचे कर्मचारीच सांगतात. उलट क्रमाने गेलात तर दोन तास चालून पुन्हा विभागातच याल.

चुकीच्या 'विद्यापीठा'त पोहोचणं

हसू नका, हे दरवर्षी होतं. पुण्यात नुसतं 'विद्यापीठ' म्हणून भागत नाही. भारती विद्यापीठ धनकवडीला, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ मुकुंदनगरला. स्वारगेटला उतरून रिक्षावाल्याला "विद्यापीठ" एवढंच सांगितलं, तर तो कात्रजच्या दिशेने निघाला तरी त्याची चूक नाही. "गणेशखिंड, पुणे विद्यापीठ, मेन गेट" असं पूर्ण सांगा.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. प्रवेश संलग्न महाविद्यालयात झालेला असेल तर फी, कागदपत्रं, ओळखपत्र सगळं त्या महाविद्यालयातच. गणेशखिंडला यायचं कारणच नाही. विद्यापीठाचे सगळे विभागही या आवारात नाहीत. परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी प्रवेशपत्रावरचा पत्ता नीट वाचा. आयुका, एनसीआरए, सी-डॅक यांच्या पाट्या आवारात दिसतील, पण त्या स्वतंत्र संस्था आहेत. तिथल्या पहारेकऱ्याला तुमचा विभाग विचारून उपयोग नाही.

वेळेचा अंदाज चुकणं

नाशिक, संभाजीनगरकडून एसटीने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की शिवाजीनगरचं बसस्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं. तिथून विद्यापीठ जवळ आहे, रिक्षा मीटरने घ्या. स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगर गाठून पुढं पीएमपीची बस किंवा रिक्षा हा सोपा मार्ग. पुणे स्टेशनहून मेट्रो घेतली तर जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदलावी लागते.

विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. त्यानंतर तिथली वळणं इतक्यांदा बदलली की जुन्या माहितीवर विसंबू नये. सकाळच्या गर्दीसाठी अर्धा तास जादा धरा. गेटच्या आत शिरलं की विभाग आला, असंही नाही; मुख्य इमारतीपर्यंतच दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. आत झाडी आणि वरून पाऊस, म्हणून चपला घसरणाऱ्या नकोत. खडकीच्या बाजूनेही गेट आहे. तुमचा विभाग कोणत्या गेटला जवळ पडतो ते आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा.

साडेदहा-अकराला खिडकीशी उभं राहता येईल अशा बेताने या. एक ते दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी असते आणि त्याच वेळी रांग सगळ्यांत लांब झालेली असते. शनिवार गृहीत धरू नका.

कागद आहेत, पण अडतात

सगळ्यात जास्त फेऱ्या इथं वाया जातात. अडचण बहुधा कागद नसल्याची नसते, कागदावरच्या एका ओळीची असते.

पहिली ओळ नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. हे चालतं, त्यावरून सहसा कुणी अडवत नाही. अडवतात ते स्पेलिंगवर. वडिलांचं नाव एका कागदावर 'दत्तात्रय', दुसऱ्यावर 'दत्तात्रेय'. किंवा इंग्रजीत एका जागी शेवटी 'वाय' आहे आणि दुसऱ्या जागी 'आय'. ऑनलाइन अर्ज भरताना आधारवरून नाव टाकलं आणि पदवीची गुणपत्रिका वेगळी निघाली, की फाईल बाजूला. घरीच सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. फरक सापडला तर दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून आधार दुरुस्त करायला टाका, त्याची पावती सोबत ठेवा आणि विभागाला आधीच सांगा. लपवलेला फरक परीक्षेचा अर्ज भरताना हमखास वर येतो.

दुसरी ओळ तारखेची. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रावर बघायची ती दिल्याची तारीख नाही, संपण्याची. ती ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीच्या प्रवेशाला चाललेलं प्रमाणपत्र यंदा गेलेलं असू शकतं. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र राज्याच्या आरक्षणासाठी धरत नाहीत, हेही अनेकांना खिडकीवरच कळतं. जात पडताळणी हा जातीच्या दाखल्याहून वेगळा कागद आहे. एक दाखवून दुसऱ्याचं काम होत नाही.

तिसरी गोष्ट टीसी आणि मायग्रेशनची. पदवी याच विद्यापीठाच्या महाविद्यालयातून झाली असेल तर शेवटच्या महाविद्यालयाचा टीसी बहुधा पुरतो. शिवाजी, मुंबई किंवा बाहेरच्या कुठल्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र) आणि एलिजिबिलिटीचा म्हणजे पात्रतेचा अर्ज, दोन्ही लागतात. एलिजिबिलिटी पक्की होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो. मायग्रेशन हातात यायला वेळ लागतो. त्यामुळे जुन्या विद्यापीठात अर्ज करून पावती घ्या आणि इथं हमीपत्र देऊन मुदत मागा.

मूळ टीसी जमा झाला की परत मिळत नाही. बाकी मूळ प्रती पडताळून परत देतात, तुम्ही फक्त झेरॉक्स जमा करता. म्हणून टीसीच्या झेरॉक्स आधीच काढा, पाच तरी, आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँक, सगळीकडे तो मागतात.

शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात किती वर्षं काय केलं एवढंच लिहून भागत नाही. त्या काळात दुसरीकडे कुठं प्रवेश घेतला नव्हता हे वाक्य असायला हवं. तेच नेमकं राहून जातं.

ऑनलाइन भानगडी

फी भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा, बँकेच्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या, विभागाला दाखवा. अडकलेला व्यवहार बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ण होतो किंवा पैसे खात्यात परत येतात. दोनदा भरलेल्या फीचा परतावा मात्र रडत-खडत मिळतो.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी "बँकेत आधार दिलाय" एवढं पुरत नाही. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि खातं आधारशी सीड होणं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलं जाणं वेगळं. पैसे सीड झालेल्या खात्यातच पडतात. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं सीड असेल तर रक्कम तिकडे जाऊन अडकते. शाखेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करायचंय" असं स्पष्ट सांगा.

एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी १२ अंकी असतो आणि डिजिलॉकरमधून निघतो. त्याला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल गावी आईकडे असेल तर रांगेत उभं राहून फोनाफोनी करावी लागते. आदल्या रात्रीच उरकून टाका.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक, दोघांचंही लागतं. पालक सोबत नसतील तर सही आधीच घेऊन ठेवा. १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन मोबाइलमध्ये सेव्ह करा.

वसतिगृह गृहीत धरणं

विभागात जागा मिळाली म्हणजे वसतिगृहात खोली मिळाली असं नाही. अर्ज वेगळा, यादी वेगळी आणि खोल्या मुलांपेक्षा कमी. गादी-बादलीसकट येऊ नका. यादी लागेपर्यंत खडकी, औंध किंवा पाषाणला कुणा ओळखीच्यांकडे आठवडाभराची सोय बघा. घाईत भाड्याने कॉट घेतलीत तर डिपॉझिट देण्याआधी पावती मागा आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते त्या पावतीवरच लिहून घ्या.