फोटोवरून वर्गातल्या मुलांची उंची मोजायची, तर आधी पट्टी नीट उभी करा

वर्षभरात मुलं किती वाढली हे बघायला भिंतीला टेप लावून उंची घेतली की वहीत एक आकडा उरतो. तो चुकला असेल तर चुकलाच, कारण नोव्हेंबरमध्ये जूनचं मूल परत मोजता येत नाही. फोटोचं तसं नाही. शंका आली की जुना फोटो उघडायचा आणि टाच कुठं, टाळू कुठं ते पुन्हा बघायचं. शिवाय नुसती उंचीच नाही, तर डोकं, धड, पाय यांचीही मापं त्याच फोटोतून निघतात. अडचण एवढीच की कॅमेऱ्याला सेंटीमीटर कळत नाहीत, पिक्सेल कळतात. त्यामुळे फोन कितीचा आहे यापेक्षा फोटोत मोजपट्टी कुठं उभी आहे यावर सगळं अवलंबून असतं.

पट्टी सुताराकडून करून घ्या. सात फूट उंच, दोन-अडीच इंच रुंद, ओळंब्यात सरळ उभी राहील असा खाली पाट मारलेली. पांढरा रंग देऊन दर १० सेंमीला काळी रेघ मारा आणि १०० ची रेघ लाल करा. शून्य धरायचं ते जमिनीपासून, पाटाच्या वरच्या कडेपासून नाही. ही चूक फार होते आणि पाटाच्या जाडीएवढा फरक सगळ्या वर्गाला लागतो. कोल्हापुरात चौकाचौकात फ्लेक्स दिसतात, त्यामुळे मोजपट्टीही फ्लेक्सवरच छापून आणावी असं वाटणं साहजिक आहे. आणा, पण छपाईत आकार थोडा इकडेतिकडे होतो आणि ताणून बांधला की आणखी वाढतो. स्टीलच्या टेपने ० ते १०० तपासल्याशिवाय वापरू नका.

आता मुख्य मुद्दा. पट्टी भिंतीला टेकवायची नाही. मूल भिंतीपुढे उभं राहिलं तर त्याची टाळू भिंतीपासून दहाएक सेंमी पुढे येते, म्हणजे पट्टीपेक्षा मूल कॅमेऱ्याच्या जवळ असतं. जवळची वस्तू मोठी दिसते. फोन ४ मीटरवर असेल तर या १० सेंमीने १४० सेंमीचा मुलगा साडेतीन सेंमी उंच भरतो. या वयात तेवढं वाढायला सहा-सात महिने लागतात. फोन २ मीटरवर आणला तर चूक सात सेंमीवर जाते. म्हणून जमिनीवर खडूने आडवी रेघ मारा. पट्टीचा दर्शनी भाग त्या रेघेवर आणि मुलाचे दोन्ही घोटेही त्याच रेघेवर. पट्टी मुलाच्या शेजारी, एक वीतभर अंतरावर.

जागा वर्गातली किंवा हॉलमधली घ्या. व्हरांड्यात उजेड चांगला असतो खरा, पण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून व्हरांड्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. पाणसळ ठेवून बघा, बुडबुडा लगेच सरकतो. शहाबादी फरशीवर आणखी एक गोची होते : काळपट फरशी आणि सावलीतली टाच, फोटोत दोन्ही एक होऊन जातात. पायाखाली पांढरा कागद ठेवला की टाचेची कड स्पष्ट येते. जून-जुलैत ढगांमुळे खोलीत अंधार असतो. अशा वेळी फ्लॅश न वापरता ट्यूबलाइट लावा आणि हात न लावता टायमरवर फोटो घ्या.

फोन ४ मीटरवर, उभा धरून, स्टँडमध्ये. स्टँड नसेल तर बाकावर दप्तरं रचून टेकवा. उंची मुलाच्या निम्मी, म्हणजे सातवीच्या वर्गासाठी जमिनीपासून साधारण ७० सेंमी. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोन खाली झुकवून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. मग प्रमाणाचे सगळे आकडे बाद. वाइड लेन्स नको, १ किंवा २ पट झूम ठेवा. फोटोच्या कडांना रेषा वाकतात, म्हणून मूल आणि पट्टी मधोमध घ्या आणि डोक्यावर, पायाखाली जागा सोडा.

मोजायला शनिवारची सकाळची शाळा सगळ्यात बरी. एक तर त्या दिवशी बऱ्याच शाळांत पीटीचा गणवेश असतो आणि गुडघे दिसतात. दुसरं म्हणजे दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची संध्याकाळपर्यंत जवळजवळ एक सेंमी कमी होऊ शकते. जूनचा फोटो सकाळी आणि नोव्हेंबरचा चार वाजता काढलात तर जवळजवळ एक तृतीयांश वाढ गायब होईल. चपला काढायला लावा, कोल्हापुरीचा तळही सेंमीच्या घरात जातो. वर बांधलेली वेणी किंवा अंबाडा असेल तर तो सोडायचा, आणि टाळूवर गुण्या किंवा पुठ्ठा आडवा टेकवायचा. गुण्याची खालची कड हीच टाळू. नजर समोर, टाचा जुळलेल्या, श्वास आत घेतलेला. प्रत्येकाचे तीन फोटो, आणि दरवेळी रेघेवरून बाजूला होऊन परत उभं राहायचं.

फोटो संगणकावर नेताना व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवू नका, तिथं तो आक्रसतो. केबलने घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४००० पिक्सेल उंच फोटोत सात फुटी पट्टी जवळजवळ उंचीभर बसवली तर एका सेंटीमीटरला अठरा-वीस पिक्सेल मिळतात, आक्रसलेल्यात त्याच्या निम्म्याहून कमी.

मोजायला शाळेच्या संगणकावरचं पेंटसुद्धा चालतं. कर्सर नेला की खाली दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा वरून खाली मोजलेला असतो, तोच हवा. समजा गुण्याची कड ६१२ वर, टाच ३१३३ वर. पट्टीची लाल रेघ १२९३ वर, शून्य ३१३३ वर. मूल झालं २५२१ पिक्सेल, १०० सेंमी झाले १८४० पिक्सेल. २५२१ गुणिले १००, भागिले १८४० : १३७.० सेंमी. नोव्हेंबरच्या फोटोत त्याच मुलाचे पिक्सेल २५११ भरतात, म्हणजे कमी! पण पट्टीचे १०० सेंमीही १७९२ झालेत, कारण स्टँड थोडा मागे गेला होता. उत्तर १४०.१. मुलांना हे आधी सांगू नका, फळ्यावर दोन्ही आकडे लिहून गप्प बसा. गुणोत्तर म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच सापडतं.

इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर काम झटपट होतं. पट्टीच्या १०० सेंमीवर सरळ रेघ ओढा, अॅनालाइझ मेनूत सेट स्केलमध्ये १०० लिहा, मग मुलावर रेघ ओढून एम दाबा. तिथल्या ग्लोबल या चौकोनात खूण करू नका. केलीत तर पहिल्या फोटोची पट्टी पुढच्या सगळ्या फोटोंना लागते.

आलेखाला एक्सेलमध्ये स्कॅटर निवडा, लाइन नाही. लाइन आलेख जून-नोव्हेंबर आणि नोव्हेंबर-फेब्रुवारी ही अंतरं सारखीच धरतो. आडव्या अक्षावर वय दशांशात, उभ्यावर उंची. दुसरा आलेख वाढीच्या वेगाचा : वरच्या उदाहरणात २० जून ते २१ नोव्हेंबर हे १५४ दिवस, वाढ ३.१ सेंमी, म्हणून वर्षाला ७.३ सेंमी. दरमहा मोजायचा मोह टाळा. महिन्याची वाढ अर्धा सेंमी आणि मोजण्यातली चूकही तेवढीच, मग आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. वर्षातून तीनदा पुरे.

आलेखात एखाद्याची उंची कमी झालेली दिसली तर फोटो उघडा, बहुधा वेणी किंवा वाकलेला गुडघा सापडेल. सगळ्या वर्गानेच एका दिवशी दीड सेंमीची उडी मारली असेल तर पट्टी रेघेवरून सरकली होती असं समजा. मुलींचा वेग साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचतो, मुलांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यामुळे सातवीत मुली पुढे दिसणार. डोक्याची लांबी भागिले उंची हेही काढा. नवजात बाळात ते पाव असतं, मोठेपणी सातवा हिस्सा किंवा त्याहून थोडं कमी. वर्ग या दोन्हींच्या मध्ये कुठं आहे ते पाहण्यात मुलांना उंचीपेक्षा जास्त रस असतो.

पालकांची लेखी संमती आधी घ्या, फाइलला नावाऐवजी क्रमांक द्या आणि उंचीला चेहरा लागत नसल्याने तो फोटो पाठमोरा काढा (डोक्याच्या लांबीला मात्र हनुवटी दिसायला हवी). एकमेकांचे आलेख शेजारी लावायचे नाहीत, प्रत्येकाला फक्त स्वतःची रेघ मिळेल. एखादी रेघ सलग दोन वेळा आडवी राहिली तर वर्गात बोलू नका. टेपने एकदा खात्री करा, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या ५ ते १८ वर्षांच्या तक्त्यावर बिंदू मांडा आणि कागद पालकांच्या हातात द्या, डॉक्टरांना दाखवायला.