सोलापुरात घडणारी संथ, काळोखी ठगाची मालिका लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक 'संथ' या शब्दाचा अर्थ लावतानाच होते. ठग खिडकीत उभा आहे, सिगारेट जळते आहे, तीन मिनिटं काहीच घडत नाही. हा प्रसंग संथ नाही, रिकामा आहे. ठगाच्या गोष्टीत हळूहळू साठत जातो तो लोकांचा विश्वास, आणि तो पैशासारखा मोजता आला पाहिजे. म्हणून पटकथेला हात घालण्याआधी एक रोजकीर्द लिहा. रकाने तीन: कोणी किती दिले, कोणाला काय सांगितलं, त्यातलं खोटं कोणाला ठाऊक आहे. ज्या प्रसंगानं एकाही रकान्यात नोंद पडत नाही, तो काढून टाका.

दुसरी चूक सगळ्यात मोठी: फसवणुकीचा हिशोबच जुळत नाही. लेखक 'कोट्यवधींचा घोटाळा' म्हणून मोकळा होतो आणि चौथ्या भागात स्वतःच अडकतो. त्यापेक्षा लहान रक्कम घ्या आणि ती पैपर्यंत मांडा. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत चालणारी भिशी घेऊ. सभासद 20, महिन्याला प्रत्येकी 5,000, म्हणजे दर महिन्याला 1 लाख गोळा. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला त्या महिन्याचा लाख मिळतो, प्रत्येकाला एकदाच, असे वीस महिने. यातली आठ नावं बनावट. ती ठगानंच वहीत घातली आहेत. खरे सभासद बारा.

मकर संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपली की फेब्रुवारीत भिशी सुरू करा. पहिली चिठ्ठी खऱ्या बाईच्या नावानं निघू द्या, तिला रोख 1 लाख मिळू दे. त्या महिन्यात ठगाला बनावट नावांचे 40,000 खिशातून घालावे लागतात. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आठही चिठ्ठ्या बनावट नावांच्या निघतात आणि दर महिन्याला खऱ्या लोकांचे 60,000 त्याच्याकडे राहतात. आठ महिन्यांचे 4 लाख 80 हजार, त्यातून पहिले 40,000 वजा. हातात 4 लाख 40 हजार.

आता पुढचे अकरा महिने बघा. तो पळाला नाही, तर दर महिन्याला 40,000 भरत राहील आणि अकरा महिन्यांत बरोबर 4 लाख 40 हजार परत जातील. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तो स्वतःला सांगू शकतो की मी चोर नाही, बिनव्याजी उसने घेतलेत, फेडीन. मालिकेचा सगळा काळोख या एका आकड्यात आहे. नोव्हेंबरचा हप्ता भरायचा की गाडी पकडायची, हा निर्णय म्हणजे तुमचा शेवटून दुसरा भाग. शिवाय दिवाळी तोंडावर असल्यानं प्रत्येक घराला तेव्हाच पैसे हवे असतात, त्यामुळे दडपण बाहेरून आणून चिकटवावं लागत नाही.

याच हिशोबातून दुसरं पात्र उभं राहतं. तो पळाला की अकरा जणांचे प्रत्येकी 45,000 बुडतात, पण पहिली चिठ्ठी लागलेली बाई 55,000 नं फायद्यात असते. गल्ली तिच्याकडे कशी बघेल? तिला पहिल्या भागात आनंदानं मुलीची फी भरून पावती घेताना दाखवा आणि सातव्या भागात नळावर तिची घागर रांगेतून बाजूला सरकवलेली दाखवा.

चिठ्ठ्या आपल्याच नावाच्या कशा काढायच्या, यासाठी हातचलाखी लिहू नका. डब्यातल्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर एकच नाव असतं आणि उचलायला घरातल्या लहान मुलीला बोलावतात. उरलेल्या चिठ्ठ्या कोणी उघडून बघत नाही. पहिल्यांदा हे दाखवताना कॅमेरा मुलीच्या हातावर ठेवा. प्रेक्षकाला डब्याचं गुपित तिसऱ्या भागापर्यंत कळलं पाहिजे, वस्तीला नाही. ते शेवटपर्यंत लपवलं तर एक धक्का मिळतो. आधी सांगितलं तर पुढची प्रत्येक चिठ्ठी निघताना पोटात गोळा येतो.

फसलेली माणसं हावरट किंवा भोळसट दाखवणं ही चूक तर फार दुखवणारी आहे. हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणारी बाई हिशोबात कच्ची नसते. ती भिशीत येते कारण बँकेला कागद लागतात आणि लग्न, दवाखाना, फी यांना एकरकमी पैसा लागतो. तिचा निर्णय शहाणपणाचाच होता, हे दिसलं तरच फसवणूक बोचते.

भाषेत घाई नको. सगळेच सदाशिवपेठी मराठी बोलले की सोलापूर संपलं. पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, बाजारात कन्नड, रिक्षात दखनी उर्दू, कचेरीत मराठी असं हे शहर आहे. ठगाचं खरं हत्यार इथंच आहे: 'अक्का' आणि 'अण्णा' हे शब्द मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हीत चालतात. त्याला एवढंच बोलू द्या, प्रत्येक घरात तो घरचाच वाटेल.

काळोख म्हणजे काही दिसूच नये, असा समज चित्रीकरणात हमखास आढळतो. कमी उजेडात घेतलेलं दृश्य नंतर उजळायला गेलात की दाणे उमटतात. चेहऱ्याच्या उजळ बाजूवर उजेड नीट मोजा आणि दुसरी बाजू त्याच्या आठव्या हिश्शावर, म्हणजे तीन स्टॉप खाली जाऊ द्या. सावलीची बाजू उजळणारा भरीचा दिवा लावू नका. पांढरा एलईडी आणि पिवळा बल्ब एका चौकटीत आले तर कोणत्या रंगाला तटस्थ मानायचं ते आधी ठरवा, नाहीतर कातडीचा रंग बिघडतो.

पण रात्रीवरच का अडून बसायचं? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या सुमारास उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. वरून पडणाऱ्या त्या उन्हात भुवयांच्या सावलीनं डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ठगाची खरी ओळख पटण्याचा प्रसंग या उन्हात घ्या. वेळ मात्र जेमतेम वीस मिनिटं मिळते, म्हणून तालीम आदल्या दिवशी त्याच जागी करा.

माग चालू असताना संवाद ध्वनिमुद्रित करू नका, शब्द हाती लागत नाहीत. माग बंद ठेवून संवाद घ्या, मग खडखडाट वेगळा दोन मिनिटं सलग मुद्रित करा आणि संकलनात खाली भरा. असा आवाज तीन-चार भाग कानात राहिला की एक दिवस माग थांबल्याबरोबर प्रेक्षक सावध होतो. पार्श्वसंगीताची गरज उरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. गुन्हा 1 जुलै 2024 नंतरचा असेल तर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) लागतं. लोकांच्या तोंडी 'चारशेवीस' राहू द्या, पण फिर्यादीच्या कागदावर नको. तक्रार दिल्याबरोबर बेड्या पडत नाहीत. आधी अर्ज, चौकशी, 'हा तर देण्याघेण्याचा वाद आहे' हे उत्तर. फसवणूक ठरायला हेतू सुरुवातीपासून खोटा होता, हे दाखवावं लागतं. तुमच्या गोष्टीत तो पुरावा तयारच आहे: न उघडलेल्या, एकाच नावाच्या चिठ्ठ्या. एक डबा जाळायचा राहिला, एवढं पुरे.

आणि पळताना त्याच्या हातात सुटकेस देऊ नका. 4 लाख 40 हजार म्हणजे पाचशेच्या 880 नोटा, नऊ बंडलंसुद्धा भरत नाहीत, वजन जेमतेम किलोभर. घडी घातलेल्या एका चादरीत त्या मावतात, आणि सोलापूर स्टेशनवर चादर घेऊन निघालेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही.