गुलामगिरीवरच्या कवितेत शब्दांची निवड कशी तपासावी

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कविता समोर आली की बहुतेक जण आधी विशेषणं गोळा करतात. त्यातून फारसं हाती लागत नाही. सुरुवात क्रियापदांपासून करा.

कविता दोनदा मोठ्याने वाचा, मूळ इंग्रजीतच. अनुवाद अर्थासाठी जवळ ठेवा. पण त्यातले शब्द अनुवादकाने निवडलेले असतात, त्यांचा पुरावा चालत नाही. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि समासात त्याचा कर्ता लिहा.

अमेरिकी कवयित्री फ्रान्सिस हार्पर यांची ‘द स्लेव्ह मदर’ (१८५४) घ्या. मूल हिसकावणाऱ्यांना कवितेत नाव नाही. कर्ता म्हणून येतात नुसते ‘क्रूर हात’ आणि ‘ते’. तोडून नेण्यासाठी वापरलेलं ‘टेअर’ हे क्रियापद खोडा, तिथे ‘टेक’ लिहून पाहा. अर्थ तोच राहतो, पण कापड फाटावं तशी हिंसा निघून जाते. शब्द बदलून पाहण्याची ही चाचणी प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर करा.

यानंतर मालकी दाखवणारे शब्द शोधा. ‘तो तिचा नाही’ हे हार्पर लागोपाठ तीनदा म्हणतात. इथे कायदा माहीत हवा: व्हर्जिनियात १६६२ पासून मुलाचा दर्जा आईवरून ठरे, म्हणजे गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम. गुलामी आईकडून मिळते, पण मूल आईचं नाही! ‘तिचा’ या साध्या सर्वनामाची धार कायदा कळल्यावरच दिसते.

सर्वांत जास्त चुका आशेच्या बाबतीत होतात. एका रकान्यात दुःखाचे शब्द, दुसऱ्यात आशेचे, अशी यादी करू नका. मुलाच्या प्रेमाला हार्पर झरा म्हणतात, पण वाळवंटातला. शिवाय जे हिरावलं जाणार आहे त्यालाच. झरा वेगळ्या रकान्यात टाकला की ही गाठ सुटते आणि कविता गोड होते.

जॉर्ज मोझेस हॉर्टन यांचा १८२९चा संग्रह निघाला तेव्हा ते स्वतः गुलाम होते. त्यांच्या एका कवितेत साखळी अंगावर ‘घातलेली’ आहे, स्वातंत्र्य मात्र ‘आनंदी आवाज’ आहे. बेडी हातपाय अडवते, कान नाही. आशा कोणत्या इंद्रियातून येते, हे म्हणूनच बघायचं.

फिलिस व्हीटली यांची आठ ओळींची कविता (१७७३ च्या संग्रहातली) वरवर वाचणारे फसतात. कवयित्रीला आफ्रिकेतून आणण्याचा कर्ता तिथे ‘दया’ आहे, गुलामांचा व्यापारी नाही. म्हणून ‘कवयित्रीला गुलामी मान्य होती’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण सातवी ओळ ‘लक्षात ठेवा’ अशा आज्ञार्थाने सुरू होते, आणि बोलते आहे एक गुलाम तरुणी. आज्ञार्थ दिसला की कोण कोणाला आज्ञा देतंय, ते लिहाच.

टिपण लिहिताना एका कवितेतले दोन-तीन शब्द पुरतात. प्रत्येकासाठी क्रम असा: ओळ, शब्दाचा सरळ अर्थ, त्याला चिकटलेल्या छटा, तो बदलला तर काय जातं. ‘या शब्दातून वेदना व्यक्त होते’ असं वाक्य आलं तर खोडा. ते कुठल्याही शब्दाला लागू पडतं.